ताईची किडनी आणि कडुलिंबावरची गुळवेल

"कापोसी सार्कोमा," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्याकडे वळवला. जसं काही मला वाचून कळणारच होतं.

त्वचेचे डॉक्टर, वयाने तरुण. घाटकोपरला आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचा दवाखाना आहे. माझ्या पायाच्या डागाचा तुकडा काढून त्यांनीच तपासायला पाठवला होता. याला बायॉप्सी म्हणतात. मी म्हटलं, "डॉक्टर, मराठीत सांगा."

"कॅन्सर आहे. पण नेहमीसारखा नाही. बारीक रक्तवाहिन्या असतात ना, त्यांच्या अस्तरात सुरू होतो, म्हणून डाग जांभळे दिसतात. यामागे एक विषाणू असतो. काही लोकांच्या अंगात तो वर्षानुवर्षं गप्प पडून असतो. प्रतिकारशक्ती कमी झाली की डोकं वर काढतो. तुमची किडनी बदललेली आहे. त्यासाठी ज्या गोळ्या घेता, त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात."

कॅन्सर शब्द ऐकला की पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी नाही सरकली. इतकी वर्षं आजारपण काढलं की जमीनबिमीन काही सरकत नाही, नुसता कंटाळा येतो. आता परत सुया, परत रांगा, परत "उपाशीपोटी या". मी खुर्चीत बसलो होतो आणि मला झोप येत होती. खरंच सांगतो, झोप येत होती.

मग एकच विचारलं. "माझ्या किडनीला काही होणार नाही ना?"

डॉक्टर म्हणाले, "ते तुमच्या किडनीच्या डॉक्टरांनाच विचारावं लागेल." तेव्हा मात्र माझी झोप उडाली.

ही किडनी माझी नाही, माझ्या मोठ्या बहिणीची आहे. शोभाताईची.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी चाळिशीत होतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. म्हणजे यंत्राला जोडून घ्यायचं, रक्त बाहेर काढून धुवायचं आणि परत आत सोडायचं. घरी आलो की भिंतीकडे तोंड करून पडायचो. बायको, मंगल, किडनी द्यायला तयार होती, पण तिला साखर निघाली. आई-वडील तेव्हा हयात नव्हते. ताई मुलुंडला राहते, अंगणवाडीत सेविका आहे. तिचा नवरा आधीच गेलेला, मुलगी सासरी. ती आली, चप्पल काढता काढताच म्हणाली, "माझी घ्या. मला कुठं पळायच्या शर्यतीत जायचंय?"

झालं. तिने कधी उपकार म्हणून त्याचा उच्चार केला नाही. फक्त एक खोड लावून घेतली. रोज सकाळी तिचा फोन यायचा आणि ती माझी चौकशी करायचीच नाही. विचारायची, "माझी कशी आहे रे?"

मी म्हणायचो, "मजेत. रात्रभर लघवीला पळवलं मला."

"पळवणारच. आळशी नाही ती, तुझ्यासारखी."

हे आमचं रोजचं. मंगल म्हणायची, नणंदेने लेक दिल्यासारखी किडनी दिलीय आणि आता रोज नांदतेय का ते बघतेय. सहा वर्षं ती छान नांदली. रिपोर्ट बघून किडनीच्या डॉक्टर मॅडम मान हलवायच्या आणि मी कामावर जायचो.

काम छापखान्यात. अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या खोक्यांची छपाई होते, तिथे मी मशीनमन होतो. ऑपरेशननंतर मालकाने मशीनवरून काढून रंग तपासायच्या टेबलावर बसवलं. छापून आलेला कागद उजेडात धरायचा आणि सांगायचं, मजेंटा जास्त झालाय, निळा कमी पडलाय. रंग बघून बघून माझे डोळे पक्के तयार आहेत, आणि तरीही मी फसलो. नीट ऐका, कारण हे तुमच्या कामाचं आहे.

डाव्या पायाच्या पंज्यावर, चपलेच्या पट्ट्याखाली, एक डाग दिसला. डाळीएवढा, जांभळा. मला वाटलं, शाई. आमच्याकडे शाईचे डाग कुणाच्या अंगावर नसतात? मी थिनरचा बोळा घेऊन घासला. नाही गेला. दुसऱ्या दिवशी आणखी जोरात घासला. कातडी सोलली, खपली धरली, डाग आपला जागच्या जागी. मी छापखान्यातल्या पोरांवर डाफरलो, की नवीन शाईत काय कालवलंय रे, उतरतच नाही! ते बिचारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. म्हणून विसरलो. मग शेजारी दुसरा आला. मग पोटरीवर एक, जरा फुगीर. पाय संध्याकाळी सुजायला लागला. मंगलने एकदा पायाला तेल लावताना चष्मा चढवला आणि म्हणाली, "अहो, हे शाईचं नाही. तुम्ही पँट घालून काम करता, पोटरीवर शाई कुठून येईल?"

बिनतोड सवाल. मी त्यावर चिडलो. पण दुसऱ्या दिवशी गेलो दवाखान्यात. किडनी बदललेल्या माणसाने अंगावरचा कुठलाही नवा डाग, गाठ, चट्टा आधी डॉक्टरांना दाखवायचा, थिनरला नाही.

निदान झालं आणि पुढची फेरी सुरू झाली. पहिली तपासणी एचआयव्हीची. हा आजार ज्यांना एचआयव्ही आहे अशांनाही होतो, त्यांचीही प्रतिकारशक्ती कमी होते म्हणून. ऑपरेशनच्या वेळी माझी ती झालेलीच होती, तरी परत केली. नाही निघाला. पण तोवर नातेवाइकांनी मोबाइलवर आजाराचं नाव टाकून वाचून घेतलं होतं. एका चुलतभावाने मंगलला फोन करून हळू आवाजात विचारलं, "वहिनी, सुनीलचं बाहेर कुठं काही...?" मंगल शांत बाई. ती म्हणाली, "तुमचा नंबर त्यांना देऊ का? त्यांनाच विचारा." मग तिने फोन ठेवला आणि कणीक मळताना ती रडली. मी बघितलं.  दमलो होतो.

मग सीटी स्कॅन, म्हणजे यंत्रात घालून छाती-पोटाची चित्रं काढतात. मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर बघतात, कारण हे डाग आतही होऊ शकतात, फुप्फुसात, आतड्यात. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागात ही सगळी कामं. तिथली बाकं लोखंडी. वाट बघायची. टीव्ही चालू, आवाज बंद. माझ्या शेजारचा माणूस डबा उघडायचा, परत बंद करायचा, पण जेवायचा नाही. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळे दरवाज्यावरच्या नंबराकडे डोळे लावून. त्या बाकांवर बसून माझं जे काही झालं, ते कुठल्या सुईने झालं नाही.

आत काही नव्हतं. तोंडात टाळूवर एक डाग होता, बाकी सगळे पायावर. कॅन्सरचे डॉक्टर वयस्क, फार कमी बोलणारे. म्हणाले, "लगेच केमोथेरपी देत नाही. आधी मूळ कारण कमी करू. तुमच्या गोळ्या बदलायच्या. बहुतेकांचे डाग त्यानेच मागे हटतात."

"आणि किडनी?"

"त्यासाठी मॅडमशी बोललोय."

किडनीच्या मॅडम मला सहा वर्षं ओळखतात. त्यांनी मला आणि ताईला समोर बसवलं. मंगलला डायबेटिसच्या तपासणीला जायचं होतं म्हणून ताई आली होती. मॅडम म्हणाल्या, "सुनील, तुम्ही तीन प्रकारच्या गोळ्या घेता. त्यातली एक पूर्ण बंद करायची. दुसरी, टॅक्रोलिमस, हळूहळू कमी करून तिच्या जागी सिरोलिमस आणायची. ही गोळी किडनीही सांभाळते आणि या गाठींची वाढही रोखते. पण सरळ सांगते, गोळ्यांचा दाब ढिला केला की शरीर किडनीला परकी समजून तिच्यावर हल्ला करू शकतं. त्याला रिजेक्शन म्हणतात."

"म्हणजे किडनी जाऊ शकते," मी म्हटलं.

"जाऊ शकते. जाईलच असं नाही."

"मग नको. गोळ्या आहेत तशा ठेवा. पायावर डाग आहेत, तर असू देत. मोजे घालीन."

मॅडम काही बोलायच्या आत ताई कडाडली. "काय बोलतोस तू? डोकं फिरलंय का तुझं? मोजे घालीन म्हणे!"

"ताई, तुझी किडनी आहे ती. पोट फाडून दिलीस तू."

"दिली ना? मग दिली! तू जगावास म्हणून दिली लेका, सांभाळून ठेवायला नाही दिली. ती गेली तर गेली. तू जाऊ नको."

मॅडमसमोर ती रडली. मला तिचा राग आला, की इतक्या लोकांत काय रडतेस. आणि राग आला म्हणजे मी हरलो, हे मला माहीत होतं. गोळ्या बदलल्या.

आता पुढचं. यात कुणी वाईट नाही, हे आधीच सांगतो.

कॅन्सर विभागाच्या त्याच लोखंडी बाकांवर मला परबमामा भेटले. भांडुपचे, रिक्षा चालवायचे, मूळचे मालवणचे. त्यांच्या पायावर माझ्यासारखेच डाग, पण विटलेले. त्यांनी स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. त्यांना एचआयव्ही होता. "अरे, तू घाबरतंस कित्याक?" ते म्हणाले. "माका बघ. दोन्ही पाय वांग्यासारखे झालेले. मगे एचआयव्हीच्यो गोळयो चालू झाल्यो, अंगात ताकद इली, प्रतिकारशक्ती वाढली, आणि डाग आपसूक गेले. आता फक्त तपासणीक येतंय."

मला त्या माणसाने फार धीर दिला. तोच आजार, तेच डाग, आणि हा माणूस हसत बसला होता. पुढे त्यांच्याशी दोस्तीच झाली. पण त्या दिवशी माझ्या शेजारी ताई बसली होती, आणि ताईने त्यातलं एकच वाक्य उचललं. प्रतिकारशक्ती वाढली आणि डाग गेले.

तिचंही चुकलं नाही. कोरोनात या बाईने घरोघरी फिरून काय सांगितलं होतं? काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा. हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता. तिच्या डोक्यात प्रतिकारशक्ती म्हणजे चांगली गोष्ट, जितकी जास्त तितकी चांगली. आणि डॉक्टरांनीही सांगितलं होतंच ना, की प्रतिकारशक्ती कमी झाल्याने कॅन्सर झाला. मग वाढवायची. सरळ हिशेब. मीही असाच हिशेब केला असता.

तिच्या अंगणवाडीच्या आवारात कडुलिंबाचं झाड आहे, त्यावर गुळवेल चढलेली. कडुलिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणाची, असं आपल्याकडे म्हणतात. ताई तिचा अंगठ्याएवढा जाड वेल तोडायची, ठेचायची, उकळून आटवायची आणि स्टीलच्या थर्मासमध्ये भरून पहाटेच मुलुंडहून घाटकोपरला घेऊन यायची. अंगणवाडी उघडायच्या आधी परत जायची. माझ्या हातात पेला देऊन समोर उभी राहायची.

कडू! अहाहा, काय कडू. कारलं त्यापुढे गुलाबजाम.

"ताई, मला ओकारी येतेय."

"गुमान पी. लहान आहेस का? नाक दाबू?"

पन्नाशीला आलेल्या माणसाचं नाक दाबायला निघाली होती. मी प्यायचो. मला कुठे फार विश्वास होता असं नाही, पण रोज सकाळी बहीण इतक्या लांबून येते, समोर बसते, पेला रिकामा झाला की तिच्या चेहऱ्यावर जरा रंग येतो. तेवढ्यासाठी माणूस विषही पिईल. त्या वेळी मॅडमनी प्रत्येक भेटीत विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू नाही ना?" आणि मी प्रत्येक वेळी म्हटलं, "नाही." लपवलं नाही हो. काढा हे औषध असतं, असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. औषध म्हणजे पत्र्याच्या पाकिटातली गोळी. काढा म्हणजे घरचं.

डाग खरंच फिके पडायला लागले. ताईला वाटलं काढ्याने, मॅडमना वाटलं गोळ्या बदलल्याने. सगळे खूश होते. आणि मग क्रिएटिनिन वाढलं.

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक कचरा. किडनी तो गाळून बाहेर टाकते. तो वाढला, म्हणजे गाळणी बिघडली. पुढच्या तपासणीत आणखी वाढलं. चेहरा सुजला, लघवी कमी झाली. मॅडमनी भरती करून घेतलं.

माझी नवी किडनी पाठीत नाही, पोटात उजव्या बाजूला खाली बसवलीय. तिथून सुई घालून तिचा तुकडा काढला. मी छताकडे बघत पडलो होतो आणि मला सारखं वाटत होतं, ही सुई मला नाही, ताईला टोचतायत. वेडेपणा आहे, पण वाटलं.

रिपोर्टमध्ये रिजेक्शनची सुरुवात दिसली. मॅडम कॉटजवळ उभ्या राहून बोलल्या. त्यांचा आवाजही दमलेला होता. "सुनील, इथे मोठा पेच आहे. रिजेक्शन थांबवायला स्टेरॉइडचा मोठा डोस द्यावा लागतो. तो दिला की प्रतिकारशक्ती परत झोपते, आणि तुमचे डाग उसळून येऊ शकतात. मला कळत नाही, मी इतक्या बेताने गोळ्या बदलल्या, तरी एकदम इतकं का झालं?"

तेवढ्यात ताई आली. खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास. हॉस्पिटलातही काढा चुकू द्यायचा नाही, असा तिचा निश्चय. तिने सवयीने पेल्यात ओतला. वास पसरला.

मॅडमनी विचारलं, "हे काय आहे?"

"काही नाही मॅडम, घरचंच. गुळवेलीचा काढा. प्रतिकारशक्तीसाठी. रोज देते मी," ताई कौतुकाने म्हणाली. शाबासकीची वाट बघत उभी होती हो ती.

 मॅडमनी खुर्ची ओढली, ताईला बसवलं आणि स्वतः कॉटच्या कडेला बसल्या. ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या बिल्डिंगला वॉचमन आहे ना? समजा सुनीलचं शरीर म्हणजे बिल्डिंग. तुमची किडनी तिथे पाहुणी म्हणून राहते, पण वॉचमन तिला ओळखत नाही. बघितलं की हाकलणार. म्हणून आम्ही वॉचमनला गोळ्या देऊन झोपवलं. तो फारच गाढ झोपला, तेव्हा चोर शिरला. तो चोर म्हणजे हे डाग. आता मी वॉचमनचा एक डोळा उघडत होते, चोर दिसेल, पण पाहुणी दिसणार नाही, इतकाच. आणि तुम्ही रोज सकाळी त्याला गदागदा हलवून उठवत होता."

"पण त्या परबमामांचं..."

"त्यांच्या घरात पाहुणी नाही, ताई. त्यांचा वॉचमन आजारी होता, त्याला बरं करायचं होतं. सुनीलचा वेगळा."

ताईने पेल्याकडे बघितलं. म्हणाली, "म्हणजे मीच?"

"शंभर टक्के काढ्यानेच झालं, असं मी म्हणू शकत नाही. गोळ्या कमी केल्यानेही होऊ शकतं. पण काढा आजपासून बंद."

ताई उठली, बेसिनपाशी गेली, पेला ओतला, थर्मास ओतला, नळ सोडून बेसिन धुतलं. मग पिशवी घेऊन निघून गेली. मी हाक मारली, पण तिने मागे पाहिलं नाही.

आता खरं सांगतो. मला तिचा भयंकर राग आला. दिवसभर मी तिला मनात शिव्या घातल्या. कुणी सांगितला होता शहाणपणा! चांगलं चाललेलं, वाट लावून टाकली. मंगल आली तेव्हा तिच्यासमोर बोललोही. मंगल मोसंबी सोलत होती. ती म्हणाली, "तिने दिलेलं तिच्याच हाताने जातंय की काय, या धसक्यात ती बाई घरी बसलीय. तुम्ही कसला राग करता? पीत तर तुम्हीच होता."

मग मी मोसंबं खाल्लं. 

दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले आणि त्यांनी मधला मार्ग काढला. स्टेरॉइड दिलं, पण जितकं कमी देता येईल तितकं, आणि सिरोलिमसचं प्रमाण रक्त तपासून नीट लावलं. मग वाट बघायची. रोज सकाळी रक्त, दुपारी आकडा. कधी किंचित वर, कधी तिथेच. वॉर्डातली सिस्टर आकडा सांगायला यायची तेव्हा तिच्या चपलांच्या आवाजावरून मी ओळखायला बघायचो, काय असेल.

ताई रोज यायची. पण वॉर्डात येत नव्हती. बाहेर बाकावर बसायची, मंगलकडून आकडा विचारून घ्यायची आणि जायची. सकाळचा फोन बंद. "माझी कशी आहे" बंद. एकदा दारातून दिसली. तिचे केस विस्कटलेले, साडी कालचीच. ही बाई अंगणवाडीत पोरांच्या नाकाला रुमाल लावते आणि स्वतः इतकी टापटीप, की विहारात बाया तिच्याकडून साडी नेसवून घेतात.  

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी आकडा उतरला. दुसऱ्या दिवशीही उतरला. पहिल्यासारखा नाही झाला, आता कधी होणारही नाही. मॅडम म्हणाल्या, "थोडं नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. पण किडनी वाचली. जपून वापरली तर बरीच वर्षं जाईल."

डाग पुन्हा उसळतील ही धास्ती अजूनही आहे. पण उसळले नाहीत. पंज्यावरचा पहिला डाग आता चहा सांडून वाळल्यासारखा दिसतो. टाळूवरचा गेला. पाय संध्याकाळी सुजतो, तेव्हा उशीवर ठेवून पडतो. छापखान्यात अर्धाच दिवस जातो. पोरं म्हणतात, "काका, थिनर देऊ का?" मीही देतो एखादी शिवी.

मी पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. दम राहिलेला नाही पूर्वीसारखा. पण तुमच्यापैकी कुणी या बाकांवर बसलं असेल तर दोन गोष्टी सांगतो. डाग दुखत नाही म्हणून सोडू नका. आणि डॉक्टरांनी "दुसरं काही घेता का" विचारलं, तर काढा, चूर्ण, भस्म, शेजारणीने दिलेली पुडी, सगळं सांगा. वाईट असेलच असं नाही. परबमामांना जे चालतं, ते तुम्हाला चालेलच असं नाही, एवढंच. आणि तुमच्यासाठी कुणी काही उकळून आणलं असेल, तर त्या माणसावर ओरडू नका. मी मनात ओरडलो, ते पुरे.

घरी आल्यावरही ताईचा फोन आला नाही. मंगलकडून कळलं, तिने कडुलिंबावरची गुळवेल मुळापासून उपटून टाकली. एवढी मोठी वेल, कितीक वर्षांची. अंगणवाडीतल्या मदतनीस बाईने अडवलं तर तिच्यावरही खेकसली.

मग एका सकाळी मीच फोन लावला. बराच वेळ वाजला. तिने उचलला.

"जयभीम ताई," मी म्हटलं.

"जयभीम."

"वेल कशाला उपटलीस? तिचा काय दोष?"

"मेली गेलीच नाही," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "मूळ काढलं, तर वर झाडावर जो तुकडा अडकला होता ना, त्यालाच फुटलीय. हवेतून दोरे सोडलेत खाली. मातीच शोधतेय."

"चिवट आहे."

"हो."

 मला कळत होतं, तिला काय विचारायचंय आणि ते विचारायचा हक्क आपण गमावला असं तिला वाटतंय.  मला असं फोनवर बोलता येत नाही, आमच्या घरात कुणालाच येत नाही.

मी म्हटलं, "ताई, अगं तुझ्या लेकीची चौकशी करशील की नाही? रात्रभर पळवलं तिने मला. पाच वेळा उठलो."

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पळवणारच," ताई म्हणाली. "आळशी नाही ती."